तळ्यावर बसलेल्या वैरागडे बाई

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आज्या यायच्या त्या मे महिन्यात. बर्फ वितळून गेला, तळ्यातली बदकं परतली, की एकेका बाल्कनीत साड्या वाळत पडायच्या आणि ऑफिसातून नोटीस यायची, कृपया बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत. मग साड्या आत जायच्या आणि आज्या बाहेर यायच्या. साडीवर मुलाचं जुनं जॅकेट, पायात मोजे, मोज्यांवर चपला आणि पुढ्यात प्रॅम. कुणी साताऱ्याची, कुणी गुंटूरची, कुणी आणंदची. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सुनेविषयी कुणी काही सांगितलं तर सगळ्यांना बरोबर समजायचं.

यातली कुठलीच आजी नुसती फिरायला आलेली नसायची. सहा महिने मुलीची आई, सहा महिने मुलाची आई, असा रिले असायचा. एकीचं विमान उतरायचं आणि दुसरीचं चढायचं. अधूनमधून नायगारा दाखवून आणायचे. आम्ही तरुण मंडळी याला 'आई एन्जॉय करतेय' असं म्हणायचो.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातची. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते. नोकरी करायची परवानगी नाही, पदरात दोन वर्षांची मुलगी, आणि तळ्यावर उघडणारी बाल्कनी. त्या कॉम्प्लेक्सची मी बिनपगारी वॉचमनच होते म्हणा. म्हणून वैरागडे बाईंना सगळ्यात आधी मी पाहिलं.

त्यांच्या पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट होते आणि साडी घोट्याच्या चांगली वर खोचलेली होती. तळ्याभोवतीच्या रस्त्याने त्या हात हलवत अशा चालत होत्या, की समोरून येणारी बदकंसुद्धा बाजूला झाली. आमच्याकडची ती मोठी करडी बदकं कुणाला दाद देत नाहीत, माणसाच्या अंगावर फिस्कारत येतात. पण बाईंनी नुसतं थांबून पाहिलं आणि ती पाण्यात उतरली. मी बाकावर बसले होते. माझ्यासमोर येऊन त्या थांबल्या.

"पाय दुखून राहिले का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग बसून काहून राहिली? ऊठ."

मी उठले. का उठले ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे बर्फ पडेपर्यंत मी रोज त्यांच्यामागून तळ्याला फेऱ्या मारल्या. माझं गाव कळल्यावर त्यांनी माझं नाव कधी विचारलंच नाही, 'पुणेकर' म्हणूनच हाक मारली. "पुणेकर, दुपारी झोपायचं घरी, चालताना नाही."

नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत बाईंनी सारा जन्म पी.टी. शिकवली होती. आवाज शिट्टीसारखा. त्यांच्या खो-खोच्या टीमने किती ठिकाणी ढाली मिळवल्या हे त्या स्वतः कधी सांगायच्या नाहीत, पण खेळात रडणाऱ्या मुलींविषयी मात्र भरभरून बोलायच्या. "रडली तर रडू द्या. हरल्यावर माणसानं रडलंच पाहिजे. पण रडीचा डाव खेळली, तर मी तिला ग्राउंडच्या बाहेर काढत होती. मग ती हेडमास्तरांची पोरगी असो." दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे, "दम लागला ना? म्हणजे जिवंत आहेस." हे त्या धापा टाकणाऱ्या कुणालाही ऐकवायच्या. एकदा कॉम्प्लेक्सच्या मॅनेजर डोनाला ऐकवलं. डोनाच्या हातात सिगारेट होती. मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की तिला खोकला लागला.

मुलगा अभय आणि सून केतकी, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. केतकीला जुळं होतं, म्हणून बाई आल्या. जूनमध्ये दोन्ही मुली फार लवकर जन्मल्या आणि बरेच दिवस हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहिल्या. त्या दिवसांत बाईंनी त्या घराला कसं उभं ठेवलं ते मी पाहिलं आहे. केतकी खचून गेली होती. बाई तिला रोज सकाळी बाल्कनीत उभी करायच्या, हात वर करून दीर्घ श्वास घ्यायला लावायच्या आणि मगच चहा द्यायच्या. केतकी मला म्हणाली होती, "यार, माझ्या आईनेसुद्धा एवढं केलं नसतं." ते तिने मनापासून म्हटलं होतं.

नागपूरला घरी सर होते. वैरागडे सर त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. दोघांची ओळख तिथलीच, लग्नही त्यातूनच झालेलं. त्यामुळे घरातसुद्धा बाई त्यांना 'सर' म्हणायच्या आणि ते यांना 'बाई'. सर अलीकडे विसरायला लागले होते. गॅस चालू राही, चष्मा फ्रिजमध्ये सापडे. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे. बाईंनी पुतणीला, शुभाला, घरी राहायला आणलं आणि सरांना सांगितलं, "पोरीची वेळ आहे, जाऊन येते. दिवाळीच्या आत परत." ऑक्टोबरच्या शेवटाचं परतीचं तिकीट होतं.

दर शनिवारी संध्याकाळी बाई आमच्याकडे फोन करायला यायच्या. त्यांच्या घरात बोललं की बाळं उठायची, आणि बाईंना हळू बोलता यायचंच नाही. कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर मी दाबून द्यायचे. तिकडे रविवारची सकाळ असायची. बाई ताठ उभ्या राहून फोनवर बोलायच्या आणि सरांची परीक्षा घ्यायच्या. "सर, आज वार कोणता? बरं. चिलीची राजधानी? शाब्बास. मंगोलियाची? शाब्बास. नाश्त्याला काय खाल्लं?" इथे तिकडची गाडी अडायची. मंगोलियाची राजधानी यायची, पण सकाळचे पोहे आठवायचे नाहीत. बाई मग स्वतःच सांगायच्या, "पोहे खाल्ले तुम्ही. शुभानं सांगितलं मला." फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत बसत, आणि बाईंना बसलेलं मी तेवढंच पाहायचे.

ऑक्टोबरचं तिकीट हललं. केतकीचे आईवडील नोव्हेंबरात यायचे होते, पण वडिलांची बायपास निघाली. रिले तिथेच तुटला. अभय म्हणाला, फक्त मार्चपर्यंत, आई. मुलींची फुप्फुसं नाजूक होती, डॉक्टरांनी पहिलं वर्ष पाळणाघरात ठेवायला सक्त मनाई केली होती. बाईंना ते पटलं. ज्या मुलींना त्यांनी काचेतून पाहिलं होतं, त्यांना टाकून जाणं त्यांना जमणारंच नव्हतं. त्यांनी शुभाला फोन करून गरम कपडे कुठे ठेवलेत ते सांगितलं आणि सरांना सांगितलं, "मार्च." सरांनी विचारलं, "मार्च म्हणजे परीक्षेच्या आधी की नंतर?"

हिवाळ्यात तळं गोठलं, रस्ते बंद झाले, आज्या घराघरांत कोंडल्या गेल्या. बाईंनी डोनाकडून सकाळची एक वेळ मागून घेतली आणि क्लबहाउसमध्ये सगळ्या आज्यांना कवायत सुरू केली. तेव्हा आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई, गुंटूरच्या सुब्बम्मा, आणंदच्या कोकिळाबेन, आणखी सात-आठजणी, बाळं गालिच्यावर झोपवलेली आणि बाईंचं 'एक-दोन-एक'. डोना एकदा येऊन दबक्या आवाजात विचारून गेली, हा धार्मिक कार्यक्रम आहे का. माझ्या सासूबाई शंभर वर्षं मला ओळखत असत्या तरी माझ्या सांगण्यावरून त्यांनी हात वर केला नसता. बाईंच्या एका आरोळीवर त्या लंगडी घालायच्या.

फेब्रुवारीत शुभाने फोनवर एक गोष्ट सांगितली. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून सरांनी तिला विचारलं होतं, ह्या कोण? फोटो बाईंचा होता. फोन ठेवून बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "फोटोचं काय घेऊन बसली. त्या फोटोत मी मलाच ओळखू येत नाही. समोर जाऊन उभी राहिली ना, की ओळखतील." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण आता लवकर गेलं पाहिजे, पुणेकर. उशीर झाला तर मग जाऊन फायदा नाही."

मार्च उजाडला तो थंडीच घेऊन. एका सकाळी कवायतीनंतर माझ्या सासूबाई बाईंना भोळेपणाने म्हणाल्या, "बरं झालं हो, तुमचंही वाढलं. आता उन्हाळाभर सोबत." आदल्या दिवशीच जेवताना नितीनने, माझ्या नवऱ्याने, ते सांगितलं होतं. अभयने आईच्या मुक्कामाचं दुसरं एक्स्टेन्शन फाइल केलं होतं, रिसीटही आली होती. मुलांना सगळं माहीत होतं, कारण मुलं एकमेकांना विचारून, ईमेलवर ठरवूनच हे करत. ज्यांचं ठरत होतं त्यांनाच तेवढं शेवटी कळायचं. आणि हे कुणाला वाईट वाटत नव्हतं, सगळ्यांना ती काळजीच वाटत होती.

त्या संध्याकाळी मी बाळांसाठी खिमट घेऊन त्यांच्याकडे गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. बाईंनी शांतपणे विचारलं, "अभय, माझा पासपोर्ट कुठे आहे?"

"सेफ आहे, आई. बँकेच्या लॉकरमध्ये."

"घेऊन ये उद्या. अन् तिकीट काढ."

"आई, ऐक ना. जूनपर्यंत मॅनेज कर. आत्ता केतकीने जॉब सोडला तर आमचा ग्रीन कार्डचा सगळा प्रोसेस कॅन्सल होईल. तिच्या कंपनीतूनच फाइल झालंय सगळं."

केतकी एका मुलीला थोपटत रडायला लागली. "आई, मला डॉक्टरने डे-केअरला नाही म्हटलंय. मी काय करू सांगा ना. मी खरंच काय करू?"

"मी कुठे नाही म्हणून राहिली, पोरी? वर्ष होत आलं. पण तिकडे सर..."

आणि अभय, जो वाईट मुलगा नव्हता, थकलेला होता, तो म्हणाला, "बाबांना आता काय कळतंय, आई? शुभा बघतेय ना त्यांचं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मैदानावर त्या अशाच पाहत असतील. "हा रडीचा डाव आहे, अभय," एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी खिमटाचं भांडं ठेवून निघून आले. त्या घरातली कुणाचीच बाजू खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला निघायच्या घाईच्या वेळी, बाई घडीची खुर्ची काखेत मारून खाली उतरल्या. तळ्याच्या काठाला 'पातळ बर्फ, दूर राहा' अशी पाटी होती. पाटीच्या बाजूने त्या बर्फावर उतरल्या, चालत मधोमध गेल्या, खुर्ची उघडली आणि बसल्या. अंगावर कोट, पायात ते कॅनव्हासचे बूट. मी बाल्कनीतून पाहिलं आणि मला वाटलं, आज कवायतीचा नवीन प्रकार दिसतोय. खरंच सांगते, मी चहा गाळून घेऊन परत आले. समोरच्या बिल्डिंगीतून सुब्बम्माने त्यांना हात केला. बाई चारचौघांत बाहेर कसलेही व्यायाम करत असत, त्यामुळे त्या बर्फाच्या मधोमध हातही न हलवता बसल्या आहेत, यात काही भयंकर आहे हे आमच्यापैकी कुणाला बराच वेळ कळलंच नाही.

कळलं ते अभय नुसत्या शर्टावरच पळत काठावर आला तेव्हा. मार्चचा बर्फ. वरून पांढरा, कडेने पाणी सुटलेलं. एक पाऊल टाकलं की त्याच्या पायाखाली कुरकुर आवाज होई. बाई ओरडल्या, "येऊ नको. दोघांना धरणार नाही हे."

"आई, प्लीज. बाहेर ये."

"पासपोर्ट दाखव."

तोवर सगळं कॉम्प्लेक्स काठावर जमलं होतं. खांद्याला लॅपटॉपच्या पिशव्या अडकवलेले मुलगे, ओल्या केसांच्या सुना, कडेवर बाळं घेतलेल्या आज्या. कुणीतरी ९११ ला फोन केला होता. अभयने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि तो घराकडे धावत सुटला. मिनिटा-दोन मिनिटांत तो पासपोर्ट हातात घेऊन परत आला. हात उंच करून त्याने तो दाखवला.

बँकेचं लॉकर दोन मिनिटांवर नव्हतं. हे काठावरच्या प्रत्येक आजीला समजलं, कारण प्रत्येकीला मुलाने लॉकरचंच सांगितलेलं होतं. मग माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात भाजीवाल्याशीही घासाघीस केली नव्हती, नितीनकडे वळल्या आणि विचारलं, "आपला कुठे आहे रे?" पलीकडे कोकिळाबेन गुजरातीत मुलाला तेच विचारत होत्या. सुब्बम्मा तेलुगूत विचारत होत्या. आमचा टॉवेलांच्या कपाटात होता. नितीनने खाली पाहिलं.

बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि उठायला लागल्या. पण पाय बधिर झाले होते. त्या उभ्या राहिल्या, तोल गेला, आणि खुर्चीच्या पायाखालचा बर्फ फुटला. गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय आत गेले. अंगाने त्या बर्फावर आडव्या पडल्या, म्हणून आणखी खाली गेल्या नाहीत. फायर ब्रिगेडची माणसं फुगीर लाल सूट घालून बर्फावर पालथी पडून सरपटत गेली आणि त्यांनी बाईंना फळीवर ओढून आणलं. स्ट्रेचरवर त्या एवढ्याशा दिसत होत्या. त्यांना इतकं लहान मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या सकाळी आमच्या घरात चहा झाला नाही. सासूबाई पहाटेच उठून, कोट घालून क्लबहाउसमध्ये जाऊन बसल्या होत्या. सगळ्याच बसल्या होत्या. कवायतीला जशा रांगेत उभ्या राहत, तशाच रांगेत खुर्च्या लावून. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बाळं घरी आईबापांपाशी सोडून दिली होती. आठच्या सुमाराला क्लबहाउसच्या दाराशी तरुण जोडप्यांची गर्दी झाली, खांद्यावर रडणारी मुलं, दुसऱ्या हातात फोन, ऑफिसला कळवणं चालू, आज येऊ शकत नाही. "अगं आई, असं काय यार, घरी बोलू ना." आतून उत्तर नाही. डोनाने मोठ्या मनाने डोनट आणून ठेवले. त्यात अंडं असणार म्हणून एकीनेही हात लावला नाही. दोन आजोबाही दुपारी येऊन मागच्या रांगेत बसले. मुलांच्या तीन भाषा होत्या, आज्यांची मागणी एकच होती. पासपोर्ट हातात द्या, आणि तारीख आम्हाला विचारून ठरवा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलं नमली. सासूबाईंनी पासपोर्ट घेतला आणि पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला. ही बातमी कॉलिंग कार्डांवरून कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या राज्यातल्या अल्फारेटाहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला, "तुमच्याकडे काय चालवलंय? माझ्या सासूबाई आजपासून पासपोर्ट उशीखाली घेऊन झोपतायत, आणि सांगतायत की त्यांच्या बिल्डिंगीत आणखी चौघीजणी तसंच करतायत." एप्रिलमध्ये सुब्बम्मा गेल्या. कोकिळाबेन गेल्या. सासूबाई साताऱ्याला गेल्या. विमानतळावर जाताना प्रत्येकजण म्हणायची, वैरागडे बाईंमुळे.

वैरागडे बाई हॉस्पिटलात होत्या. त्यांना मधुमेह होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. गारठलेल्या पायाची बोटं काळी पडली आणि जखम भरेना. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. शिवाय त्यांना मरायचं होतं का, याची चौकशी करायला रोज एक डॉक्टर येऊन बसे. मी दुभाषी म्हणून एकदा होते. बाई थकून म्हणाल्या, "याला सांग, मरायचं असतं तर पासपोर्ट काहून मागितला असता?" मी सांगितलं. डॉक्टरने लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

मी त्यांना क्लबहाउसचा सगळा वृत्तांत सांगितला. रंगवून सांगितला, मला वाटलं त्या हसतील. कोण कोण गेलं ते त्यांनी नावानिशी ऐकून घेतलं. "सुब्बम्मा गेली? कोकिळा पण? तुझी सासू?" मग छताकडे बघत म्हणाल्या, "अन् मी?" पासपोर्ट त्यांच्या उशाशीच होता आता, अभयने स्वतः आणून ठेवला होता. पण जखम ओली असताना विमानात बसू देणार नव्हते. अभय रोज ऑफिसातून थेट येऊन त्यांच्या पायाशी बसायचा. एकदा लिफ्टपाशी मला म्हणाला, "मी जानेवारीतच पाठवायला हवं होतं." मी त्याची समजूत काढली नाही, कारण ते खरं होतं.

त्या महिन्यांत सर भराभर ओसरत गेले. मंगोलिया गेला, चिली गेलं. बाई जुलैत गेल्या, काठी टेकत, व्हीलचेअर नको म्हणून भांडत. जाताना मला म्हणाल्या, "फेऱ्या सोडू नको, पुणेकर." मी सोडल्या.

आमच्या कॉम्प्लेक्सने तळ्याला कुंपण घातलं. पुढच्या मेमध्ये नव्या आज्या आल्या, बाल्कनीतल्या साड्यांची नोटीस आली. माझ्या सासूबाई दुसऱ्या बाळंतपणासाठी परत आल्या आणि विमानतळावरून घरी पोचताच त्यांनी पासपोर्ट नितीनच्या हातात ठेवला. "तूच ठेव बाबा, मला कुठं सापडतंय." त्याने तो टॉवेलांच्या कपाटात ठेवला. मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या पोटात सातवा महिना होता, आणि त्या सहा महिने राहणार होत्या याचा मला आनंदच झाला होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी भारतात गेले तेव्हा मुद्दाम नागपूरला उतरले. बाईंनीच दार उघडलं. केस पांढरे झाले होते, चाल मंद झाली होती, पण "ये पुणेकर, जाड झाली तू" हे शिट्टीच्याच आवाजात. आत हॉलमध्ये सर बसले होते, इस्त्रीचा सदरा, नीट भांग. त्यांनी मला नमस्कार केला आणि बसायला सांगितलं. बाई चहा करायला आत गेल्यावर त्यांनी माझ्याशी छान गप्पा मारल्या.

"आमच्या बाई अमेरिकेला गेल्या आहेत. मुलाकडे. जुळ्या नाती आहेत." मग स्वयंपाकघराकडे बघत, आवाज खाली आणून, "ह्या ताई फार चांगल्या आहेत. बाई येईपर्यंत त्याच पाहतात माझं सगळं. पण दुसऱ्याच्या घरच्या बाईला किती दिवस अडकवून ठेवायचं? त्यांनाही त्यांचं घर असेल."

बाई चहा घेऊन आल्या. सरांनी संकोचून कप घेतला, "तुम्हाला उगीच त्रास," म्हणाले. बाईंनी बशी सरळ केली.

थोड्या वेळाने सर अस्वस्थ झाले. कोपऱ्यातल्या फोनकडे पुन्हा पुन्हा बघू लागले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मला बसून राहायची खूण केली, पदराला हात पुसत, मोबाइल घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. हॉलमधला फोन वाजला. सर लगबगीने उठले. रिसीव्हर कानाला लावताच त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"बाई? हो, हो, मीच बोलतोय. तब्येत ठीक ना? तिकडे बर्फ आहे?"

लोटलेल्या दारामागून आवाज येत होता. तो आवाज त्यांना कधी हळू करताच आला नव्हता. "आहे ना सर. खूप पडून राहिला. तुम्ही स्वेटर घातला का?"

"घातलाय. इथल्या ताईंनी घातला. बाई, तुम्ही कधी येता?"



"येते सर," बाई म्हणाल्या. "अभय तिकीट पाहून राहिला."